परतवाड्याच्या पुढे रेंज जाते

अमरावतीच्या स्टँडवरून धारणीची एस.टी. सुटली की परतवाड्यापर्यंत गाडीत नुसता मोबाईलचा गलका असतो. कोणी गाणी लावतो, कोणी व्याह्याशी बोलतो, कोणी संत्र्याचा भाव विचारतो. परतवाडा मागे पडले, घाटाची वळणे सुरू झाली, सागाचे जंगल दोन्ही बाजूंनी दाट होत गेले, की एकेक आवाज बंद पडतो. मग शेजारचा प्रवासी विचारतो, "गेली काय जी तुमची?" नवख्या माणसाला वाटावे, घरातल्या कोणाची चौकशी चालली आहे. चौकशी रेंजची असते.

आम्ही चौघे होतो. दोन शिक्षक, वीज मंडळात वायरमन म्हणून उभी हयात काढून निवृत्त झालेले एक काका आणि प्रस्तुत लेखक. पावसाळा संपत आला होता. सिपना नदी भरून वाहत होती. खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचले, गाव तिथे ब्रॉडबँड झाले, असे आपण सगळेच इतकी वर्षे ऐकत आहोत. आपल्या समाजाची निम्मी नाती खेड्यात आहेत आणि आता शिष्यवृत्तीपासून रेशनपर्यंत सगळे त्या एका तारेवर लटकलेले आहे. तेव्हा एकदा जाऊन पाहावे, असे ठरले. जाताना मेळघाट चढायचा आणि येताना अचलपूरकडच्या एका गावात, आमच्यापैकी एका सरांच्या आतेबहिणीकडे मुक्काम करायचा, असा बेत होता.

मेळघाट वाचकांना कुपोषणाच्या बातम्यांतून ठाऊक आहे. देशात पहिल्यांदा जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत हा एक. इथली मुख्य वस्ती कोरकू आदिवासींची. रुंद रस्त्याच्या दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या दोन सरळ ओळी, शेणाने सारवलेली अंगणे, असे कोरकूंचे गाव असते. इतके नीटनेटके गाव आम्ही सपाटीवर क्वचित पाहिले. त्यांची भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळातली नाही, ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची नातलग. मोबाईलवरचे अर्ज मात्र मराठीत किंवा इंग्रजीत असतात. म्हणजे रेंज आली तरी कोरकू आजीपुढे आणखी एक घाट उभाच असतो.

हरिसालच्या पुढे आतल्या बाजूला एका पाड्यावर आम्ही दीड दिवस राहिलो. गावाबाहेर टेकाडावर एक मोठा सपाट दगड आहे. त्यावर उभे राहून तोंड एका ठरावीक दिशेला केले की फोनला एक काडी येते. सकाळी तिथे रांग असते. आशाताई तिथे येतात, मास्तर येतात, बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलांच्या आयाही येतात. रेशनचे ई-पॉस यंत्र, ज्यावर अंगठा ठेवल्याशिवाय धान्य मिळत नाही, तेही पावसाळी दिवसांत याच टेकाडावर आणावे लागते, असे गावकऱ्यांनी सांगितले. म्हाताऱ्या माणसांना अंगठा द्यायला टेकाड चढावे लागते. धान्य खाली, अंगठा वर.

रोजगार हमीची गोष्ट आणखी कठीण. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हजेरीपटावर मजुराचा अंगठा लागे आणि काम झाले की दाम. केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाईलच्या ॲपमधून घेणे सक्तीचे केले. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाण. खोट्या हजेऱ्या बंद व्हाव्यात हा हेतू वाईट नव्हता. पण जंगलात बंधाऱ्याच्या कामावर फोटो चढला नाही तर दोष कोणाचा? एका बाईने हिंदी-मराठीत मिसळून सांगितले, "माती तो हमने उठाई, फोटू उठला नाही." तिचा त्या आठवड्याचा एक दिवस असाच गेला होता.

टॉवर का नाहीत, हे आम्ही काकांना विचारले. त्यांनी बोटे मोडत सांगितले. टॉवरला वीज लागते. टॉवरपर्यंत मागून मोठी वाहिनी आणावी लागते, नाहीतर टॉवर म्हणजे नळ आहे पण टाकीच नाही. जंगलात खांब रोवायचा तर वनखात्याची परवानगी लागते. आणि हे सगळे झाले तरी चाळीस घरांच्या पाड्यातून कंपनीला सुटणार काय? म्हणून कंपनी आपणहून तिथे जात नाही. हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. टेलिफोन कंपन्यांच्या उत्पन्नातून ५ टक्के रक्कम याच कामासाठी बाजूला काढण्याची पद्धत २००२ पासून आहे. जिथे धंदा होत नाही तिथे सेवा पोचवायची, त्यासाठीचा हा निधी. अलीकडे त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. आपण महिन्याला जो रिचार्ज मारतो, त्यातलाच हा पैसा आहे. वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचाही त्यात वाटा आहे, हे कोणी तिला सांगत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० वंचित गावांत ४-जी पोचवायला २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले आणि काम बीएसएनएलकडे सोपवले. पाड्यावरच्या एका तरुणाला आम्ही हा आकडा सांगितला. तो हसून म्हणाला, "सर, आमचा नंबर कितवा?"

परतताना हरिसालला थांबलो. नाव ऐकलेले होतेच. राज्य शासनाने मायक्रोसॉफ्ट कंपनीला सोबत घेऊन हे गाव 'डिजिटल व्हिलेज' करायचे ठरवले आणि २०१६ च्या सुमारास देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून त्याचा बोलबाला झाला. पुढे २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी याच गावाची चित्रफीत भर सभेत दाखवली आणि शासकीय जाहिरातीतला तरुणच व्यासपीठावर उभा केला. सरकारपक्षाने आपली बाजू मांडली. महिनाभर सगळा महाराष्ट्र हरिसालवर बोलत होता. मते पडली, निकाल लागला आणि हरिसालचे नाव पुन्हा कोणी काढले नाही. आम्हाला त्या भांडणात पडायचे नाही. पण एक प्रश्न पडतो. पहिले डिजिटल गाव म्हणून मेळघाटातले गाव निवडले हे चांगलेच झाले, मात्र एका गावाला नमुना करून आजूबाजूचे पाडे टेकाडावरच्या दगडावर राहत असतील, तर हा नमुना कोणाला दाखवण्यासाठी? चहाच्या टपरीवर बसलेल्या एका गृहस्थांनी सांगितले की पाहुणे येतात, फोटो काढतात. आम्हीही काढला, खोटे कशाला बोला.

धारणी हे तालुक्याचे ठिकाण. बाजारपेठेत झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आधार, पॅनकार्ड अशा पाट्यांची ओळच आहे. सकाळी पाड्यापाड्यांतून आलेली माणसे दुकानांच्या पायऱ्यांवर बसून असतात. एका बाईचा हिशेब आम्ही वहीत मांडला. एस.टी.चे तिकीट बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे आहे, ते बरे झाले. पण सोबत आलेल्या नवऱ्याचे पूर्ण तिकीट, दोघांची बुडालेली मजुरी, फॉर्मचे पन्नास, झेरॉक्सचे वीस, दुपारचा वडापाव. सहाशे-सातशे रुपयांना एक कागद पडतो, आणि ओटीपी आला नाही तर उद्या पुन्हा. २०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज निघाले, तेव्हा महिन्याच्या दीड हजारासाठी बायकांनी असेच दिवसच्या दिवस घालवले. पैसे आले तेव्हा सगळ्यांनी पाहिले, ते घालवलेले दिवस कोणी मोजले नाहीत.

मेळघाटाचे असे आहे की तिथे डोंगर दाखवता येतो, वाघ दाखवता येतो, जंगलाचा कायदा दाखवता येतो. म्हणून आम्हाला खाली उतरून दुसरे गाव पाहायचे होते. अचलपूरच्या बाजूचे सपाट, संत्र्याच्या बागांचे, डांबरी रस्त्यावरचे गाव. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या शिपायाने आम्हाला मोकळेपणाने कुलूप उघडून दाखवले, त्याला त्रास नको.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, सरपंचांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक लोखंडी डबा आहे. काकांनी चष्मा चढवून तो न्याहाळला. तालुक्याच्या टेलिफोन केंद्रातून जमिनीखालून केसाएवढ्या बारीक काचेची तार येते. तिच्यातून प्रकाश धावतो. ती या डब्याशी संपते आणि पुढे तिचे इंटरनेट होते. काका म्हणाले, "आमच्या तारेत करंट, यांच्या तारेत उजेड." त्यांच्या तोंडून हे ऐकताना बरे वाटले, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी उजेड नेणारा हा माणूस.

या तारेचा इतिहास असा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली. खर्च २० हजार कोटी आणि मुदत दोन वर्षे. २०१५ मध्ये तिचे नाव 'भारतनेट' झाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' नावाने चालले. आज दोन लाखांहून अधिक पंचायती 'सेवेसाठी तयार' आहेत, असे सरकार सांगते. 'तयार' हा शब्द वाचकांनी नीट वाचावा. तयार म्हणजे तार पोचली. डबा चालतो का, कोणी वापरतो का, हे त्या शब्दात नाही.

डबे बंद का पडतात, हेही काकांनी समजावले. पहिल्या वेळी बहुतेक ठिकाणी तार एका गावातून पुढच्या गावात अशी सरळ रेषेत टाकली. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने ती एका ठिकाणी तोडली की पुढची सगळी गावे आंधळी. वीज गेली आणि बॅटरी मेली की डबाही मेला. तो दुरुस्त करायचे काम कोणाचे? ठेकेदार म्हणतो माझी मुदत संपली, ग्रामसेवक म्हणतो आमच्याकडे आदेश नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार सरळ न टाकता वर्तुळात टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने उजेड येईल. दहा वर्षांनी शहाणपण आले, असे काका म्हणाले. वायरमनला हे पहिल्या दिवशी कळले असते, असेही म्हणाले.

या गावचा डबा मात्र चालू होता. बाहेरच्या भिंतीला वाय-फायचे यंत्र, त्यावर हिरवा दिवा. आम्ही खूश झालो आणि सरांच्या आतेबहिणीला म्हणालो, "ताई, तुमच्या गावात तर चांगली सोय आहे." ताई चुलीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "गावात हाय दादा. आपल्या वस्तीत नाई."

वाय-फायचे असे असते की मोकळ्या जागेत फार तर शंभर मीटर, मध्ये भिंती आल्या की त्याच्या निम्मेही नाही. पंचायत आहे गावाच्या मधोमध. तिथून मारुतीचा पार, किराणा दुकान, पाटलांचा वाडा, सोसायटीचे गोडाऊन, एवढ्या भागात इंटरनेट मिळते. आपली वस्ती कुठे आहे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. नाल्याच्या पलीकडे, जिथे ती आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. कोणी तिथल्या माणसाला पंचायतीजवळ येऊ नको म्हटलेले नाही. कायद्याने सगळे समान आहेत. गावची रचनाच जुनी, आणि नवे यंत्र त्या रचनेच्या मध्यावर बसवले की ते आपोआप जुन्या माणसांसारखे वागते.

ताईंची थोरली मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची ही योजना १९४४ पासून चालू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अर्ज तेव्हा कागदावर होता, आता पोर्टलवर आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून चढवायचे, आधारचा ओटीपी घालायचा आणि दर वर्षी पुन्हा नूतनीकरण.

आम्ही विचारले, मोबाईलवर होत नाही का? सपाटीवर रेंज तर आहे. ताईंनी घरातला हिशेब सांगितला. स्मार्टफोन एक, तो वडील सकाळी कामावर नेतात. रोजचा नेट धाकट्याच्या अभ्यासात आणि बाकीच्यांच्या रील्समध्ये संध्याकाळपर्यंत संपतो. टिनाच्या छपराखाली रेंज एका कोपऱ्यात येते, आणि फाईल चढता चढता तुटते. सरकारच्या व्याख्येत २००४ साली २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते, पुढे ५१२ आणि २०२३ पासून निदान २ एमबीपीएस. ताईंच्या कोपऱ्यात फाईल चढेपर्यंत आम्ही दोन वेळा चहा घेतला. म्हणून घरात किंवा घराजवळ तारेचे पक्के इंटरनेट हवे, मोबाईलने ते भागत नाही.

"मग पंचायतीजवळ जाऊन भरायचा," आमचे दुसरे सर म्हणाले. त्यावर ताईंनी त्यांच्याकडे पाहिले. "सर, पोरगी कॉलेजातून येते सात वाजता. आठ वाजता पारापाशी मोबाईल घेऊन उभी रायली तर दुसऱ्या दिवशी गावात काय बोलतीन? तिच्या बापाले लोकं काय मनतीन? पोरं रायतात उभी. पोरीले कसं धाडू?"

सर गप्प झाले. आम्हीही.

वयस्कर वाचकांना आठवत असेल, १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत सगळ्या गावांत सार्वजनिक टेलिफोन नेण्याचे ठरले होते. तो फोन आला. पुष्कळ गावांत तो बसला सरपंचाच्या नाहीतर पाटलाच्या घरी. मुंबईच्या गिरणीतून वस्तीतल्या कोणाच्या मयतीचा निरोप आला, तर पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून ऐकावा लागे. नाव सार्वजनिक, जागा खाजगी. ताईंच्या सासऱ्यांनी तो काळ पाहिला आहे. पंचायतीचा हिरवा दिवा पाहून ते फारसे हरखले नाहीत, याचे आम्हाला आधी नवल वाटले होते.

केरळात हा प्रश्न वेगळ्या अंगाने घेतला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहात मोबाईलबंदी झालेल्या एका विद्यार्थिनीच्या दाव्यात, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. पुढे जून २०२३ मध्ये तिथल्या सरकारने 'के-फोन' ही स्वतःची फायबर योजना सुरू केली. वीज मंडळाच्या खांबांवरून तार नेली आणि २० लाख गरीब कुटुंबांच्या घरात फुकट जोडणी देण्याचे ठरवले. ते २० लाख अजून पुष्कळ दूर आहेत, पहिल्या टप्प्यात १४ हजार घरांचेच लक्ष्य होते. पण मोजमाप घराचे आहे, पंचायतीच्या भिंतीचे नाही. आपल्याकडे पंचायत जोडली की गाव जोडले असे कागदावर होते.

'खांबांवरून तार' हे ऐकताच काका उठून बाहेर गेले. सोबत वस्तीतली चार पोरे. पंचायतीपासून वस्तीतल्या समाजमंदिरापर्यंत त्यांनी दोरीने अंतर मोजले. चारशे मीटरच्या आत-बाहेर भरले, मध्ये विजेचे दहा खांब. एवढीच तार हवी, नाल्यावर एक ताण, आणि समाजमंदिरात एक यंत्र. दिवसा बायका, संध्याकाळी मुली अभ्यास करतील अशी जागा, आपल्या माणसांच्या नजरेखाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने 'पीएम-वाणी' नावाची योजना आणली आहे. तीत लहान दुकानदार किंवा संस्थाही परवान्याशिवाय लोकांना वाय-फाय देऊ शकते. वस्तीतल्या महिला बचत गटाला ते जमेल काय, यावर रात्री दोन तास चर्चा झाली. बिल कोण भरणार, यावर थोडे भांडणही झाले. एक काकू म्हणाल्या, महिन्याला घरटी वीस रुपये. दुसऱ्या म्हणाल्या, आधी तार तर येऊ द्या. तिसऱ्या म्हणाल्या, पंचायतीच्या पंधरा टक्के मागासवर्गीय निधीतून का नाही? हा प्रश्न सगळ्यांत चांगला होता.

सकाळी अर्ज लिहून झाला. मजकूर शिक्षकांचा, मोजमाप काकांचे, सह्या आणि अंगठे मिळून एकोणचाळीस. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्यावा, अशी मागणी. ग्रामसेवकांनी पोच द्यायला जरा वेळ लावला, पण दिली. ताईंच्या मुलीने पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र आम्ही तिला सोबत घेऊन परतवाड्याच्या दुकानातून भरला. पन्नास रुपये पडले.